कोरडा आणि क्लोरोफॉर्म

माळेगावच्या यात्रेला लोक घोडे बघायला येतात. मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यातलं ते माळरान जनावरांनी, राहुट्यांनी, तमाशाच्या फडांनी भरून जातं आणि खंडोबाच्या नावानं नांदेड-लातूरकडचा माणूस चार दिवस घरी सापडत नाही. आमच्या आजोबांना बैलांची नजर होती. ते एखाद्या खोंडाचे दात बघण्यात गुंतले की मी सटकायचो तो थेट पोतराजाकडं.

पोतराज म्हणजे मरीआईचा माणूस. कंबरेला रंगीबेरंगी खणांचं आभरान, पायांत घुंगरू, केस बाईसारखे वाढवलेले, कपाळाला मळवट, वरचं अंग उघडं. बायकोच्या डोक्यावर देवीचा देव्हारा आणि गळ्यात ढोलकं. काठी कातड्यावर घासून ती ते असं घुमवायची की पोटात कालवाकालव व्हावी. तो आधी नुसता नाचायचा. मग कोरडा हातात घ्यायचा. वाखाचा पिळलेला, मुठीशी जाड, टोकाला निमुळता. पहिले चार-दोन फटके हवेत. त्यांचा आवाज बंदुकीसारखा. पुढं कॉलेजात कळलं की कोरड्याच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगाच्या पुढं जातो म्हणून तो कडाका उठतो. मग कोरडा पाठीवर यायचा. काही पोतराज दंडाला दोरी आवळून त्यात दाभण टोचायचे. बायका पोरांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः मात्र बघायच्या.

यात हातचलाखी किती आणि मार खरा किती, हा प्रश्न शहाणी माणसं पहिल्यांदा विचारतात. दोन्ही असतं. जो फटका सगळ्यात मोठ्यानं वाजतो तो बहुधा हवेतच फुटलेला असतो, हे खरं. पण पाठीवरचे वळ रंगवलेले नसतात. पुढं मी त्या पाठी अगदी जवळून, दिव्याच्या प्रखर उजेडात पाहिल्या आहेत. मी भूलतज्ज्ञ झालो. अंबाजोगाईला शिकलो, काही वर्षं नांदेडला आणि नंतर लातूरला नोकरी केली. माणसाचं दुखणं थोडा वेळ बंद ठेवायचं आणि त्याला परत सुखरूप शुद्धीवर आणायचं, हा माझा धंदा. त्यामुळं माझ्याआधी आमच्या मुलखात हे काम कोणी आणि कसं केलं, याची मला चौकशी लागून राहिली.

पोतराज गावाचा, पण गावात राहणारा नव्हे. तो बहुतेक मांगाच्या नाहीतर महाराच्या घरचा, वस्ती गावकुसाबाहेर. दोर वळणं हे मांगांचं बलुत्याचं काम. शेतकऱ्याच्या बैलांचे कासरे ज्या वाखाचे, त्याच वाखाचा कोरडा. पटकी आली की मरीआई कोपली असं गाव समजायचं. मग देवीचा गाडा काढून तो शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाला गेला. पुढचं गावही तेच करायचं. या सगळ्यात पोतराजाचं काम असं की देवीचा राग त्यानं आपल्या अंगावर घ्यायचा. घरोघर जायचं, अंगणात स्वतःला मारून घ्यायचं आणि सुपातलं मूठभर धान्य झोळीत घ्यायचं. पटकी वाड्यातही शिरायची आणि वस्तीतही. फटके मात्र वस्तीतल्याच पाठीवर पडायचे.

रॉबर्ट कॉखनं १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू पाण्यात दाखवून दिला. ती बातमी मराठवाड्यातल्या आडांपर्यंत पोहोचायला पुढची कित्येक दशकं गेली. आडांत परमँगनेट पडू लागलं, पाणी जांभळं दिसू लागलं, दंडावर टोचणारे सरकारी लोक येऊ लागले, तशी मरीआईची धास्ती कमी झाली. पण मला वाटतं, जंतूंपेक्षा बाबासाहेबांनी हा धंदा जास्त मोडला. गावकीची कामं सोडा, हे ज्यांनी ऐकलं त्यांनी कोरडाही सोडला. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्याकडच्या कितीतरी घरांतून देव्हारे बाहेर गेले. जे राहिले ते पोटासाठी राहिले. पार्थ पोळके यांचं ‘आभरान’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्या घरातली भूक मी सांगायला नको.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात असाच एक पोतराज माझ्या टेबलावर आला. हर्नियाचं ऑपरेशन. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करायचं, अगदी रोजचं काम. त्याला बसवून पाठ वाकवली. पाठीवर जुन्या वळांच्या रेघा इतक्या, की मणक्यांमधली जागा बोटांनी चाचपावी लागली. आणि सुई लागायच्या आधीच हा माणूस थरथर कापू लागला. नाडी सव्वाशेच्या वर. घामानं चादर ओली.

मी म्हटलं, “मामा, आयुष्यभर कोरडा खाल्ला तुम्ही. या सुईला काय भ्यायचं?”

“डाक्टरसाब, तो मी मारतो. ही तुम्ही मारणार.”

एवढंच म्हणाला. मी सुई खाली ठेवली. सिस्टरनं त्याचे खांदे धरले होते, ते सोडायला सांगितले. आधी कुठं हात लावणार, मग काय गार लागेल, मग कुठं टोचेल, नंतर पाय कसे जड होतील, ते सगळं सांगितलं आणि “तुम्ही हो म्हणाल तेव्हा टोचतो” म्हटलं. दोन मिनिटांत त्यानं स्वतःहून “हं, होऊ द्या” म्हणून पाठ वाकवली. सुई गेली तेव्हा हूं की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी त्याच्याजवळ जरा बसलो. विचारलं, कोरडा लागतो की नाही? त्यानं सांगितलं ते मला त्या वेळच्या कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. गावात ढोलकं सुरू असताना, समोर बायामाणसं उभी असताना लागत नाही. म्हणजे लागतो हे कळतं, पण दुखत नाही. पोरपणी बाप शिकवायचा तेव्हा मात्र, ओढ्याच्या काठी, कोणी बघत नसताना एकेक फटका जीव घ्यायचा. आणि रात्री? रात्री पालावर पडल्यावर सगळी पाठ एकदम आग करते. बायको तेल लावते. “दिवसा देवी घेती. रातच्याला वापस देती,” असं तो म्हणाला.

हेन्री बीचर हा हार्वर्डचा भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर होता. १९४४ ची गोष्ट. दोनशेपेक्षा जास्त गंभीर जखमी सैनिकांना त्यानं विचारलं, दुखणं थांबवायला औषध हवंय का? सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. हाडं मोडलेली, पोटं फाटलेली माणसं ही. आणि त्याच माणसांच्या दंडात कोणी इंजेक्शनची सुई नीट खुपसली नाही तर ती सगळी चारचौघांसारखीच ओरडायची! हे वाचलं तेव्हा मला आमचे मामाच आठवले. बीचरचा निष्कर्ष असा, की जखम केवढी यावर दुखणं ठरत नाही. त्या जखमेचा अर्थ काय, यावर बरंच ठरतं. सैनिकाला जखम म्हणजे लढाईतून सुटका, घरचा रस्ता.

निष्कर्ष सुबक आहे. पण मी लातूरला असताना ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून लोक निजलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंतींवरची माळवदं निजलेल्या माणसांवर बसली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मिळून हजारो माणसं गेली. त्या दिवसांत लातूरला आलेल्या जखमींत असे कितीतरी होते की ज्यांनी मोडलेल्या बरगड्या, सोललेले हात घेऊन तासन् तास ढिगारे उपसले होते आणि दुखतंय हे त्यांना ट्रकमध्ये बसल्यावर कळलं. यांना घरचा रस्ता कुठला? घरच उरलं नव्हतं. म्हणजे बीचरचं ‘सुटका’ हे कारण इथं लागू पडत नाही. जोवर हातात काम आहे, ढिगाऱ्याखालून आवाज येतोय, तोवर शरीर आपलं गाऱ्हाणं बाजूला ठेवतं, असं मला दिसलं. अर्थापेक्षाही निकड मोठी.

त्याची दुसरी बाजू पुढच्या वर्षभरात दिसली. पत्र्याच्या शेडमधून माणसं यायची. अंग दुखतंय, डोकं धरलंय, छातीत कळ येतेय, पाठीत सळक निघतेय. एक्स-रे साफ. रक्त साफ. केसपेपरवर डॉक्टर मंडळी लिहायची, ‘काही नाही’. तोंडानं सांगायची, ‘मनाचं आहे’. जणू मनाचं असलं की ते दुखणं खोटं, सरकारी मदतीसाठी केलेलं. ढिगारा उपसताना मन जखमेचं दुखणं दाबू शकतं, हे आम्ही कौतुकानं सांगत होतो. तेच मन जखम नसताना दुखणं उभं करू शकतं, हे मानायला मात्र कोणी तयार नव्हतं. यंत्रणा एकच आहे. १९७८ साली जॉन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर दाखवून दिलं की औषध म्हणून दिलेल्या नुसत्या सलाइनच्या पाण्यानं ज्यांचं दुखणं कमी होतं, त्यांना अफूचा परिणाम उलटवणारं नॅलॉक्सोन दिलं की ते दुखणं परत येतं. म्हणजे नुसत्या भरवशानं शरीरातच अफूसारखं काहीतरी पाझरत होतं. मनाचं म्हणजे रसायनाचंच. फक्त बाटली बाहेरची नाही.

भुलीशी आमच्या मुलखाचा संबंध मात्र या सगळ्यापेक्षा जुना आणि जरा गमतीचा आहे. नांदेड, लातूर ही तेव्हा हैदराबादच्या निजामाची रयत. रेसिडेन्सीचा सर्जन एडवर्ड लॉरी एडिंबरोत सायम यांच्या हाताखाली तयार झालेला, आणि सायम यांची शिकवण अशी, की क्लोरोफॉर्म देताना नाडी बघू नका, श्वास बघा. श्वास नीट तर सगळं नीट. लंडनमधले डॉक्टर याच्या उलट. ते म्हणत क्लोरोफॉर्मनं हृदय अचानक थांबतं. भांडण जुनं होतं. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मवर गेली तेव्हापासूनचं. भूल देण्याआधी ती फार घाबरलेली होती, अशी नोंद आहे. ही घाबरलेली मुलगी लक्षात ठेवा.

लॉरीनं १८८८ साली हैदराबादेत कमिशन बसवलं, रस्त्यावरची कुत्री धरून आणली आणि क्लोरोफॉर्म देऊन जाहीर केलं की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’नं नाक मुरडलं. मग सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड काढून दिले आणि म्हटलं, तुमचाच माणूस पाठवा. १८८९ च्या शेवटी लॉडर ब्रंटन हे बडे औषधशास्त्रज्ञ बोटीनं आले. हृदयाला धोका आहे, या मताचे. अफझलगंजच्या दवाखान्याच्या परिसरात कुत्री, माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं, ससे अशा चारशेहून अधिक जनावरांवर पुन्हा सगळं झालं आणि ब्रंटन यांनी मत बदललं. हैदराबादनं लंडनला हरवलं! निजामाचे ते हजार पौंड आले कुठून? त्यातला काही वाटा आमच्याकडच्या ज्वारी-कापसाच्या साऱ्याचा असणार, हा माझा आपला हिशेब. या दुसऱ्या कमिशनच्या काळात तिथं रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी तरुणी काम करत होती. हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये शिकलेली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतात. आमच्या धंद्याची थोरली बहीण हैदराबादची, हे नांदेडच्या आमच्या मंडळींत फार थोड्यांना ठाऊक असतं.

पण हैदराबादचा निकाल चुकीचा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्म भरपूर असताना नव्हे, तर अर्धवट असताना, त्यात रक्तात अ‍ॅड्रिनलिन उसळलं, की हृदयाचे ठोके विस्कटून ते एकदम थांबतं. आणि अ‍ॅड्रिनलिन कशानं उसळतं? भीतीनं. अर्धी भूल चढलेला, घाबरलेला माणूस सगळ्यात धोक्याचा. हृदय की श्वास, यावर दोन खंडांतले विद्वान साठ-साठ वर्षं भांडले, आणि गाठ निघाली ती टेबलावर झोपवण्याआधीच्या मनःस्थितीत. हॅना ग्रीनर कशानं गेली यावर आजही वाद घालता येतो. पण लेव्ही वाचल्यापासून मी घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क दाबलेला नाही.

लातूरकडून कोणाला मोठ्या ऑपरेशनला न्यायचं तर लोक ‘मिरजेला नेलं’ म्हणायचे. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला आली, १९२७ मध्ये ती पंढरपुरापुढं मिरजेपर्यंत गेली, आणि लातूरहून मिशन हॉस्पिटलच्या गावापर्यंत एकाच अरुंद रुळांवरून जाता येऊ लागलं. माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ त्या गाडीनं मुतखडा काढायला गेले होते. परत आल्यावर ते चिरफाडीचं काही सांगत नसत. ‘आदल्या दिवशी गोरा डाक्टर खाटेवर बसला आणि माझ्याशी मराठीत बोलला’ हे मात्र मरेपर्यंत सांगत राहिले.

खाटेवर बसण्याचं मोल पुढं मोजलं गेलं. १९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन होणारे ९७ रुग्ण घेतले. त्यातल्या निम्म्या लोकांना भूलतज्ज्ञानं आदल्या संध्याकाळी सांगितलं की उद्या कुठं दुखेल, किती दुखेल, कुशीवर कसं वळायचं, श्वास कसा घ्यायचा. बाकीच्यांना दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांना वेदनाशामक औषध निम्म्यानंच लागलं आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन दिवस आधी घरी गेले. पोतराज मामांच्या बाबतीत मी जे गोंधळून, वेळ मारून न्यायला केलं, त्याला मागून असा आधार मिळाला.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा तो गाजलेला निबंध ‘सायन्स’ साप्ताहिकात आला. दुखण्याची तार पायापासून मेंदूपर्यंत सरळ गेलेली नसते. मज्जारज्जूत शिरताना तिच्यावर पहारा असतो, असा त्याचा मथितार्थ. तिथं चोळण्याचा, दाबण्याचा स्पर्श आधी पोहोचला तर दुखण्याची वाट अडते. आणि महत्त्वाचं म्हणजे वरून, मेंदूकडूनही पहारा कडक करण्याचे किंवा ढिला सोडण्याचे हुकूम येतात. लचकलेल्या कमरेवर बिब्ब्याचा डाग देणारी आमच्याकडची म्हातारी माणसं आणि उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यायला जाणारे शेतकरी याच पहारेकऱ्याशी आपापल्या परीनं बोलत होते, असं आता म्हणता येतं. (बिब्ब्यानं कातडी फुटते, चिघळते, मी कोणाला सुचवणार नाही. पायाळू माणसाच्या लाथेला माझी हरकत नाही.)

मेलझॅकनं १९७३ मध्ये ‘द पझल ऑफ पेन’ हे पुस्तक काढलं. मला ते फार उशिरा मिळालं. त्यात भारतातल्या एका खेड्यातल्या गळ टोचून घेण्याच्या विधीचा दाखला आहे, आणि त्याचा आधार कोण, तर दामोदर धर्मानंद कोसंबी! गोव्याचे, गणिती, टाटा इन्स्टिट्यूटमधले, आणि पुण्याच्या आसपासची दैवतं पायी फिरून धुंडाळणारे. त्यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९६७ च्या फेब्रुवारीत, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी छापून आला होता. नवसाचं बगाड, पाठीत लोखंडी गळ, गाड्यावरच्या लाकडाला लोंबकळलेला माणूस गावोगाव पिकांना आणि पोरांना आशीर्वाद देत फिरतोय. मेलझॅक म्हणतो, त्याच्या चेहऱ्यावर वेदनेची खूण नाही. उलट तो तल्लीन आहे. नंतर जखमांवर राख लावतात, आणि दोन आठवड्यांत खुणाही दिसेनाशा होतात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात गळाला बंदी आणली होती. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला बगाड अजून निघतं, पण बगाड्याला दोरानं आणि कापडानं बांधतात. आणि हिंजवडीत, जिथं आता संगणकाच्या कंपन्या आहेत, म्हातोबाचं बगाड असतंच.

जगभर दुखण्याचं शास्त्र शिकणाऱ्या दोन पिढ्यांनी तो दाखला वाचला. मीही अभिमानानं विद्यार्थ्यांना दाखवायचो, आपला मराठी माणूस बघा. मग एकदा माझ्या आत्यानं माझ्या त्या अभिमानाला टाचणी लावली.

आत्या कंधार तालुक्यातल्या खेड्यात नांदलेली. सहा बाळंतपणं, सगळी घरी, सुईणीच्या हाताखाली. आमच्या घरात तिची ख्याती अशी, की कळा सुरू झाल्यावरही तिनं भाकरी थापल्या आणि एकदाही ओरडली नाही. नात बाळंतपणाला आली तेव्हा तिला कण्यात भुलीची नळी टाकून कळांचं दुखणं कमी करावं असं मी सुचवलं. जॉन स्नोनं १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला होता. आमच्या घरी मात्र अजून चर्चा सुरू होती. जावयाची आई म्हणाली, बाईच्या जातीला सोसायची सवय असते. मीही ओघात आत्याचं उदाहरण दिलं, की ज्यांचं मन खंबीर त्यांना कमी दुखतं, आत्याला तर काहीच झालं नव्हतं.

आत्या खाटेवर बसून सुपारी कातरत होती. म्हणाली, “काहीच कामून झालं नसंल रे? वरडले नाई म्हनून दुखलं नाई, हे तुला कुनी सांगितलं? वरडले असते तर सासू म्हनली असती, ह्या पोरीच्या आईनं काई शिकवलं नाई.”

तेव्हा ध्यानात आलं, बगाडाच्या त्या दाखल्यातल्या माणसाचं नाव मेलझॅकच्या पुस्तकात नाही. त्यानं काय सांगितलं तेही नाही. चेहरा वाचला गेला, माणूस नाही. तो तल्लीन होता हे मी मान्य करतो. पोतराज मामांनी दिवसाबद्दल हेच सांगितलं होतं. पण मामांनी रात्रीबद्दलही सांगितलं होतं, आणि ते केवळ मी वॉर्डात जरा बसलो म्हणून. दोन आठवड्यांनी खुणा पुसल्या गेल्या हे पाहणाऱ्यानं पहिल्या रात्री पालात कोणी डोकावलं होतं का, हे विचारायला हवं होतं. आणि गळाला लटकायचा मान कोणत्या घराकडं, कोरडा कोणत्या वस्तीकडं, मुकाट्यानं बाळंत व्हायचं काम कोणाकडं, याची वाटणी मज्जारज्जूनं केलेली नाही. पहारेकऱ्याला वरून हुकूम येतात ते खरंच. पण त्यातले किती हुकूम गावानं दिलेले असतात, ते शास्त्राच्या आकृतीत दिसत नाही. सोसणाऱ्याची ताकद खरी असते. तिचा सगळ्यात जास्त फायदा मात्र न सोसणाऱ्याला होतो.

ही गोष्ट जुन्या काळापुरती असती तर मी एवढा लांबलो नसतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन बाळगायला इतके परवाने, इतकी रजिस्टरं लागू लागली की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. ज्या देशातून कायदेशीर अफू औषधांसाठी बाहेर जाते, त्या देशात कॅन्सरचा शेवटचा टप्पा पॅरासिटामॉलवर काढायचा! १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायरीपायरीनं औषधं आखून दिली. आमच्याकडं वरची पायरीच गायब. नांदेड-लातूरकडचे लोक बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलात जायचे, हैदराबादला जायचे, मुंबईला टाटाला जायचे. परत गावी आल्यावर पुढची गोळी कुठं मिळणार, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसे. २०१४ मध्ये कायदा सुधारला, एकाच परवान्यावर काम होईल अशी सोय झाली. परवाना काढायची तसदी किती दवाखाने घेतात ही वेगळी गोष्ट. ‘आपल्याकडच्या लोकांना लागत नाही तेवढं, काटक असतात,’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

निवृत्तीनंतरही लोक घरी येतात. मध्यंतरी उदगीरकडचा एक पोरगा आला होता. बापाच्या जबड्याचा कॅन्सर, पसरलेला. हमाली केलेला बाप. मी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या, ज्या दवाखान्यात त्या मिळतात तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. पोरानं चिठ्ठी खिशात घातली आणि दारात थांबून विचारलं, “साहेब, बापाला सोसायची सवय हाय. लई दुखलं तरच देऊ का?”

“नाही,” मी म्हटलं. “दर चार तासाला द्यायची. दुखायची वाट बघायची नाही. रात्रीचीही चुकवायची नाही, उठवून द्यायची.” मग आठवलं म्हणून चिठ्ठी परत मागून घेतली आणि खाली पोट साफ होण्याचं औषध लिहिलं, मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतं, ते पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं.